चिपच्या कंपनीसाठी दीड एकर विकू का?

या वेळचं पत्र चोपडा तालुक्यातून आलंय, थोडं छोटं करून देतोय:

"सर, आमची पाच एकर बागायत आहे, तीन एकर केळी, बाकी कपाशी. पोरगं यंदा ईएनटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा) डिप्लोमा पास झालं, ६८ टक्के. एका क्लासचा माणूस गावात आला होता, सेमीकंडक्टरचा म्हणजे चिपचा आठ महिन्यांचा कोर्स, फी साडेतीन लाख, आणि गुजरातेत साणंदला नाहीतर धोलेऱ्याला नोकरीची गॅरंटी. दहा हजार भरून नाव नोंदवलंय. माझे मेहुणे सुरतला असतात, ते म्हणतात कोर्स कशाला, धोलेऱ्याला प्लॉट घ्या, दहा वर्षांत दहापट. मी म्हणतो दीड एकर काढावी अन् दोन्ही करावं. मंडळी नाही म्हणतात. पोराला विचारलं तर तुम्ही म्हणाल तसं, म्हणतो. दिवसभर गावातल्या लोकांचे पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर अन् मोबाईलवरून मोटार चालू करणारे ऑटो दुरुस्त करत फिरतो, अभ्यासाकडे लक्षच नाही. टीव्हीवर रोज दाखवतात लाखो नोकऱ्या येणार. काय करू? - एक बाप"

आप्पा, नाव लिहिलं नाही तुम्ही म्हणून आप्पाच म्हणतो, चालेल ना. उत्तर आधी सांगतो अन् कारणं मग, कारण कारणं लांबलचक आहेत आणि तुम्ही मध्येच वाचणं सोडलं तरी उत्तर हातात राहिलं पाहिजे. जमीन विकू नका. कोर्स नको, प्लॉट तर नकोच नको. पोराला मात्र बाहेर पाठवा, गुजरातला लागलं तर गुजरातला, आणि ते जमीन न विकता होतं. वहिनींचं बरोबर आहे.

आता कारणं. टीव्हीवाले चिपची कंपनी चिपची कंपनी म्हणतात पण ती एक नसते, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या असतात आणि दोघींच्या नोकऱ्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही केळीवाले आहात म्हणून केळीनंच सांगतो. आपल्याकडे टिश्यू कल्चरची रोपं येतात ना, ती जळगावच्या ज्या लॅबमध्ये तयार होतात तिथे माणसं पांढरे गाऊन, टोपी, मास्क घालून काचेआड बसतात, धुळीचा कण आत जाऊ देत नाहीत, एक बुरशी शिरली की पूर्ण बॅच गेली. आणि दुसरीकडे रावेर-सावद्याकडे पॅक हाऊस असतं, तिथे घड येतो, फण्या कापतात, धुतात, तोलतात, बॉक्समध्ये भरतात, कंटेनरला लावतात. केळी तीच पण काम वेगळं, माणसं वेगळी, मशिनरी वेगळी.

चिपचंही तसंच. फॅब म्हणजे ती लॅब. सिलिकॉनच्या गोल तबकडीवर, तिला वेफर म्हणतात (आपल्याकडे वेफर म्हटलं की केळीचेच आठवतात, पण ही बारा इंची आरशासारखी चकचकीत तबकडी असते) शेकडो पायऱ्यांनी सर्किट उमटवतात, एकेका तबकडीला दोन-तीन महिने लागतात, आणि हवा इतकी स्वच्छ लागते की आपल्या ऑपरेशन थिएटरलाही लाज वाटावी. दुसरी कंपनी म्हणजे पॅक हाऊस, तिला ओसॅट किंवा एटीएमपी म्हणतात. तिथे तयार तबकडी येते, ती कापून एकेक चिप वेगळी करतात, बारीक तारा जोडतात, काळ्या कवचात बंद करतात, टेस्ट करतात, पाठवतात.

भारतात आता जे चाललंय त्यात मोठी फॅब म्हणजे धोलेऱ्याची, टाटा आणि तैवानची पीएसएमसी कंपनी मिळून, ९१,००० कोटींची, महिन्याला ५०,००० वेफर करायची. केंद्रानं फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर केली. बाकी बहुतेक पॅक हाऊसच आहेत. साणंदला मायक्रॉन, साणंदलाच सीजी पॉवरवाल्यांची (त्यांची पायलट लाईन ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली) आणि केन्सची, आसामात जागीरोडला टाटांची २७,००० कोटींची. सरकारनं २०२१ च्या डिसेंबरात या चिपच्या मिशनला ७६,००० कोटी ठेवले आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत दहा प्रकल्प मंजूर झाले, सगळ्यांची मिळून गुंतवणूक १.६० लाख कोटी.

आता वही काढा आणि भागाकार करा, मी केला तेव्हा मला स्वतःलाच दोनदा बघावं लागलं. धोलेऱ्याला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष धरून २०,००० च्या वर नोकऱ्या होतील असं कंपनी म्हणते. २०,००० धरा. म्हणजे एका नोकरीमागे साडेचार कोटी. तेही अप्रत्यक्ष धरून, म्हणजे चहाची टपरी, कॅन्टीन, ट्रकवाला, सगळे आले त्यात. मायक्रॉनचं २२,५१६ कोटी, थेट नोकऱ्या ५,०००, पुन्हा साडेचार कोटी, पण इथे अप्रत्यक्ष धरलेल्याच नाहीत. आसामला २७,००० कोटी आणि २७,००० नोकऱ्या, थेट-अप्रत्यक्ष मिळून, म्हणजे एक कोटी. बघा, पॅक हाऊसला हात जास्त लागतात हे इथंही खरं निघालं. आणि यातला पैसा कोणाचा? मायक्रॉनच्या प्रकल्पात १०० रुपयांतले ५० केंद्राचे, २० गुजरात सरकारचे, कंपनीचे उरलेले. तुमच्या-माझ्या जीएसटीतून गेलेत ते. साडेचार कोटीत चोपडा तालुक्यात काय काय उभं राहिलं असतं ते तुम्ही पारावर बसून मोजा, मी बोलत नाही.

मग सरकार वेडं आहे का, तर नाही. २०२१ आठवा, लोकांनी गाडी बुक केली आणि सहा-सहा महिने वेटिंग, का तर चिप नाही. इंजिन तयार, टायर तयार, दोनशे-पाचशे रुपयांच्या चिपसाठी दहा लाखांची गाडी कंपनीच्या यार्डात उभी. चिप जवळपास सगळी बाहेरून येते, तैवान, कोरिया, चीन, आणि तिकडे काही झालं की आपला मीटर, पंप, ट्रॅक्टर, मोबाईल सगळं अडतं. मोहालीला आपला सरकारी चिप कारखाना होता, म्हणजे अजून आहे, चिप बनवण्यात आज जगात पुढे असलेल्या तैवानच्या टीएसएमसी कंपनीचा जन्म १९८७ चा आणि मोहालीला त्याच्याही आधीपासून काम चालू होतं. १९८९ ला तिथे आग लागली आणि आपण जे मागे पडलो ते पडलोच. म्हणून देशानं हे करावं या मताचा मी आहे. पण देशासाठी बरोबर असलेली गोष्ट तुमच्या दीड एकरासाठी बरोबर असेलच असं नाही ना भो. हा खर्च नोकऱ्यांसाठी नाहीये मुळात, तो अडू नये म्हणून आहे, विहिरीला पाणी असताना शेततळं करतो तसा. नोकऱ्यांचा आकडा भाषणात चांगला वाटतो म्हणून पुढे येतो.

आणि मंजूर झालेल्या-जाहीर झालेल्या आकड्यांवर तर अजिबात जाऊ नका. वेदांता-फॉक्सकॉनची चिप फॅक्टरी आठवतेय? दीड लाख कोटी, लाखभर नोकऱ्या, तळेगावला येणार म्हणता म्हणता सप्टेंबर २०२२ ला गुजरातला गेलं आणि इकडे केवढा राडा झाला, मोर्चे काय, टीव्हीवर भांडणं काय. पुढे जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननं हातच काढून घेतला. ना आपल्याला मिळालं ना त्यांना. ज्यांनी त्या बातमीवर पोराची ब्रँच निवडली त्यांचं काय झालं असेल.

आता तुमच्या क्लासवाल्याकडे येतो. गॅरंटी हा शब्द कोणी वापरला की मला माझं जुनं दुखणं आठवतं. नव्वदच्या दशकात मी पण एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटला वडिलांच्या कापसाच्या पट्टीतले पैसे भरले होते, हंड्रेड परसेंट जॉब असं बोर्डावर लाल अक्षरात लिहिलेलं, नाव नाही सांगत. शेवटी सर्टिफिकेट मिळालं, सुंदर होतं, सोनेरी बॉर्डर वगैरे. नोकरी मला दीड वर्षानं लागली ती ओळखीनं आणि वेल्डिंगच्या मशीन दुरुस्तीची, कॉम्प्युटरला हात न लावता. वडील त्या पैशाबद्दल कधी बोलले नाहीत, ते जास्त लागतं.

तर त्या माणसाला तीन प्रश्न विचारा. गॅरंटी स्टॅम्प पेपरवर देता का, नोकरी नाही लागली तर फी परत किती दिवसांत. मागच्या बॅचच्या पाच पोरांचे नंबर द्या, मी स्वतः फोन करतो. आणि नोकरी कंपनीच्या पेरोलवर की ठेकेदाराच्या. तिसऱ्या प्रश्नाला तो इकडेतिकडे बघायला लागेल बघा.

दुसरं म्हणजे फॅबची मशीन कोणत्याही क्लासमध्ये नसते हो. मोठी मशीन शेकडो कोटींची, ती काय कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवणारेत? क्लासवाले प्रोजेक्टरवर फोटो दाखवतील. खरं काम कंपनीच शिकवते, घेतलेल्या पोरांना स्वतःच्या खर्चानं. टाटांनी धोलेऱ्यासाठी घेतलेल्या लोकांना तैवानला शिकायला पाठवलं. कंपनी बघते ती वेगळ्या गोष्टी, पोराचा बेसिक पक्का आहे का, हात स्थिर आहे का, लिहून दिलेली प्रोसिजर जशीच्या तशी पाळतो का की मधली पायरी खाऊन टाकतो, आणि रात्रपाळीला टिकतो का. थिअरी पाहिजेच असेल तर एनपीटीईएल या सरकारी वेबसाईटवर आयआयटीच्या प्रोफेसरांचे चिपवरचे कोर्स फुकट आहेत, परीक्षा द्यायची तरच हजाराच्या आसपास फी. साडेतीन लाख अन् एक हजार. इंग्रजीत आहेत, पण पोरगं सवयीनं ऐकेल, मोबाईल तसाही हातात असतोच.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय ना, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पोरगं दिवसभर स्टार्टर आणि ऑटो दुरुस्त करत फिरतं. आप्पा, हीच तर त्याची हातोटी आहे, अन् तुम्ही तिला अभ्यासाकडे लक्ष नाही म्हणता! फॅब असो की पॅक हाऊस, अर्धी लढाई मशीन बंद पडू न देण्याची असते. वीज क्षणभर लचकली तरी चालू असलेला लॉट खराब होऊ शकतो, म्हणून तिथे वीज, अतिशुद्ध पाणी, गॅस, चिलर, एसी, व्हॅक्यूम पंप, कॉम्प्रेसर हे सगळं चोवीस तास सांभाळणारी मोठी फौज लागते, तिला यूटिलिटी किंवा फॅसिलिटी म्हणतात. आयटीआयचा एसी-फ्रिजवाला, इलेक्ट्रिशियन, फिटर, स्टीलच्या पाईपला ऑर्बिटल वेल्डिंग करणारा, हे लोक तिथे पाहिजेत, आणि त्यांच्याबद्दल टीव्हीवर कोणी बोलत नाही कारण निळ्या लाईटमध्ये गाऊन घातलेला माणूस जास्त छान दिसतो. खान्देशात ही विद्या नवी आहे का? दीपनगरला औष्णिक वीज केंद्र, भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स, वरणगावला फॅक्टरी, जळगाव एमआयडीसीत पाईप, चटई, दाळ मिल. पाईप, पंप, पाणी, पॅनल यावर तर आपला अर्धा जिल्हा चालतो.

भर उन्हाळ्यात, ४५ डिग्रीत, केळीला पाणी तुटायला आलेलं असताना ज्याला लोक फोन करून बोलावतात आणि जो तासाभरात मोटार चालू करून देतो, त्याला मेंटेनन्स काय ते आठ महिन्यांत कोण शिकवणार? त्यानं आतापर्यंत काय काय दुरुस्त केलं, काय बिघाड होता, कसा सापडला, हे एका वहीत तारखेसकट लिहायला लावा, पॅनलचे फोटो काढून ठेवायला सांगा. मुलाखतीत ती वही टेबलावर ठेवली की सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलेल, मी इंटरव्ह्यू घेतलेत पुण्यात, ६८ टक्के अन् अशी वही हातात असलेलं पोरगं मी ८५ टक्केवाल्याच्या आधी घेतलं असतं.

रस्ता काय तर सगळ्यात आधी अप्रेंटिस. केंद्राचं नॅट्स पोर्टल आहे, डिप्लोमावाल्यांना एक वर्ष कंपनीत काम आणि स्टायपेंड, त्यात सरकारचाही वाटा असतो, आणि आपल्याला एक रुपया भरायचा नाही. फक्त चिप चिप करू नका, इलेक्ट्रॉनिक्सची कुठलीही चांगली लाईन चालेल, नाशिकला अंबड-सातपूरच्या स्विचगियर कंपन्या, रांजणगाव, चाकण, साणंद. कारण नोकऱ्या खरं तर चिपच्या शेजारी जास्त आहेत. मार्च २०२५ मध्ये केंद्रानं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी, म्हणजे सर्किट बोर्ड, कॅमेऱ्याचे भाग, कपॅसिटर असलं सगळं, २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, त्यातून ५९,३५० कोटींची गुंतवणूक आणि ९१,६०० थेट नोकऱ्या धरल्यात. तोच भागाकार करा, नोकरीमागे ६५ लाख. साडेचार कोटी कुठे अन् ६५ लाख कुठे. हाही सरकारी अंदाजच आहे, बँकेत जमा झालेले पैसे नाहीत, पण वारा कुठून वाहतोय ते कळतं. जिथे बोर्ड जोडतात, टेस्ट करतात, दुरुस्त करतात तिथे माणसं लागतात, आणि वर्ष-दोन वर्ष तिथे काढलेल्या पोराला चिपवाले उद्या बोलावतील.

शिकायचंच असेल आणि त्याचं मन असेल तर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंग आहे, जळगावला सरकारी कॉलेज आहे, फैजपूर, शिरपूर, धुळं आहे. इंजिनीअरिंग कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईनं २०२३ मध्ये चिप बनवण्याचा वेगळा डिप्लोमा आणि व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाईनची, डिग्रीपण काढलीय. डिझाईनमध्ये भारताचं नाव मोठं आहे, जगातले चिप डिझाईन करणारे साधारण २० टक्के इंजिनीअर भारतातलेच. पण ते काम खुर्चीवर बसून, गणितावर, आणि तुमचं पोरगं मला बसणारं वाटत नाही, फिरणारं वाटतं. मी चुकत असेन, त्यालाच विचारा. "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर नसतं आप्पा, बापाशी बोलायचं कसं ते माहीत नसलेल्या पोराचं ते गप्प बसणं असतं, आपण पण तेच केलंय. बांधावर घेऊन जा, मोटार दाखवा अन् मग विचारा, घरात ओट्यावर बसवून विचारू नका.

मेहुण्यांच्या प्लॉटचं एका दमात सांगतो. धोलेरा म्हणजे एक गाव नाही, २२ गावांचा साधारण ९२० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, खंभातच्या आखाताला लागून, खारी जमीन. टाटाची फॅब धोलेऱ्याला आली हे खरं आणि तुमचा प्लॉट धोलेऱ्याला आहे हेही खरं, पण दोघांच्या मध्ये किती किलोमीटर, रस्ता झालाय की नकाशावरच आहे, टीपी स्कीम (नगररचनेची योजना) फायनल झाली का, हे न बघता व्हॉट्सअपच्या व्हिडिओवर पैसे देऊ नका. पाणी असलेली चोपड्याची काळी विकून खारी न पाहिलेली घ्यायची, असा व्यवहार मेहुण्यांनी स्वतः केलाय का तेवढं विचारा.

जमिनीवरून अमळनेर आठवलं. विप्रो आज एवढी मोठी, ती १९४५ ला अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झाली हे तुम्हाला माहीतच आहे. पुढे कॉम्प्युटरच्या मोठ्या नोकऱ्या बंगळूरला गेल्या, अमळनेरला काही आयटी पार्क उभं राहिलं नाही. तरी तिथल्या ज्या घरांनी जुने शेअर कपाटात ठेवले, लग्नात नाही विकले, आजारपणात नाही विकले, त्यांच्या पिढ्या बदलल्या, आजही अमळनेरात विप्रोतल्या नोकरीपेक्षा विप्रोच्या शेअरच्या गोष्टी जास्त ऐकायला मिळतात. कारखाना कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. तुमचा शेअर ती पाच एकर आहे.

गुजरातला पाठवायची भीती मात्र मनातून काढा, वहिनींचं 'नाही' त्यासाठीच असेल तर. सुरतच्या उधना-लिंबायतला अर्धा खान्देश राहतोय, अहिराणीत भांडणं ऐकायला येतात तिथे. साणंदही आज उगवलेलं नाही, टाटांची नॅनो गाडी बंगालच्या सिंगूरहून २००८ ला तिकडे गेली तेव्हापासून गाड्यांचे कारखाने, सुटे भागवाले, खोल्या भाड्यानं देणारे सगळे आहेत, म्हणून चिपवाले पण तिथेच गेले. एक मात्र लक्षात ठेवा, प्रकल्प उभा राहताना बांधकामावर हजारो माणसं लागतात आणि ते झालं की पांगतात, त्या कामाला "चिप कंपनीत लागलो" समजून जाऊ नये. ऑफर लेटरवर वरती कोणाचं नाव आहे ते वाचायचं, पीएफ कोण भरणार ते विचारायचं, आणि नोकरीसाठी कोणी पैसे मागितले, डिपॉझिट म्हणा, युनिफॉर्मचे म्हणा, तर तिथूनच परत फिरायचं.

राहिले दहा हजार. पावती दिलीय का त्यांनी? असेल तर त्यावर रिफंडबद्दल काय छापलंय ते बारीक अक्षरातलं पोराकडून वाचून घ्या आणि कोर्स सुरू व्हायच्या आत, याच आठवड्यात, कोर्स नको पैसे परत द्या असं लेखी पाठवा, व्हॉट्सअपवर आणि स्पीड पोस्टानं दोन्हीकडून, नुसतं फोनवर बोलू नका. नाहीच दिले तर १९१५ वर, ग्राहक हेल्पलाईन आहे, तक्रार नोंदवता येते. पावतीच नसेल तर पैसे गुगल पे, फोन पे कशानं गेले त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, आणि तो माणूस परत गावात आला की चहा जरूर पाजा, पण सही कशावरच करू नका.